पाण्याला लावलेलं कुंकू

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून काय केलं, तर एका धरणाला कुंकू लावलं.

त्या दिवशी मी शहागंजकडं गेलो होतो. तिथं रस्त्याच्या कडेला जुनं सामान मांडून बसणारा एक म्हातारा आहे. गंजलेली कुलपं, चष्म्याच्या काड्या, बंद पडलेली घड्याळं, आणि बुटाच्या एका खोक्यात जुनी चित्रांची पोस्टकार्डं. मी लांबून दिसलो की तो ओरडतो, "आओ चाचा, तुम्हारे वास्ते एक डॅम छुपा के रखा मैं." वय त्याचं माझ्याएवढंच असंल, तरी मला चाचा म्हणतो. त्या दिवशी त्यानं हिराकूडचं कार्ड काढून दिलं. काळंपांढरं, एक कोपरा दुमडलेला, मागं कुणीतरी शाईनं लिहिलेलं.

घरी आलो तर ती दारात मेथी निवडत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "घावलं का एखादं?"

"घावलं."

"मग आधी मागचं वाचा."

हा आमचा नेम होता. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथीपर्यंत गेलेला, बोट ठेवून वाचतो. मागचं ऐकल्याशिवाय ती पुढचं चित्र बघायची नाही. कुणा माणसानं आपल्या घरी लिहिलं होतं, की आम्ही सुखरूप पोचलो, धरण पाहिलं, इथलं पाणी मानवत नाही, बाकी ठीक.

"बघा," ती म्हणाली, "एवढं आभाळावानी पाणी बघितलं, आन लिहिलं काय, तर पोट बिघडलं!"

मग तिनं हात पुसले, करंडा आणला. कार्ड लांब धरून बघितलं. "ह्यात गाव कुठं असंल?"

"मला काय ठाऊक? मी गेलो होतो का तिकडं?"

"धरणावर काम केलं म्हणून मिरवता ना जन्मभर? मग सांगा की."

भिंतीच्या मागं जिथं पाणी जास्त काळं दिसत होतं तिथं मी बोट ठेवलं. तिनं त्या जागी करंगळीशेजारच्या बोटानं आधी मेण लावलं, मग त्यावर कुंकू टेकवलं, आणि फुंकर मारून जास्तीचं उडवलं. "झालं. ठेवा."

रात्री मेथीची भाजी झाली. मीठ कमी पडलं असं तीच म्हणाली, मी म्हणालो नाही. सकाळी मी चहाला हाक मारली तर ती उठली नाही.

एवढंच. भेटायला येणारे विचारतात, आधी काही म्हणत होत्या का, छातीत दुखत होतं का. काही म्हणत नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं म्हणत होती.

आता हे धरणांचं खूळ कुठून लागलं ते सांगतो, कारण ह्यावरूनच पुढं सगळा तमाशा झाला.

माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतरचा. मिसरूड फुटायच्या वयात पैठणच्या धरणावर मजुरीला लागलो. मातीचं धरण ते. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, त्यावर रोलर फिरायचा, की पुन्हा थर. असं करत करत डोंगर उभा राहिला. तिचं गाव त्या डोंगराच्या मागं होतं. पाणी चढायला लागलं तसं गाव उठून वरच्या माळावर गेलं. लोकांनी दारं, चौकटी, पत्रे, जाती, सगळं बैलगाड्यांत भरून नेलं. मारुती उचलून नेला. गावदेवी मात्र नेली नाही. तिला मूर्ती नव्हती, जमिनीत रुतलेला शेंदराचा तांदळा होता, नुसता दगड. किती खोल आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खणायची कुणाची छाती झाली नाही. देवी तिथंच राहिली, तिच्यावर पाणी आलं.

त्याच गावची पोरगी मला दिली. भावकीनं तिच्या बापाला लई बोल लावले. ज्यानं गाव बुडवलं त्यालाच लेक दिली म्हणाले. मी गाव बुडवलं नव्हतं. मी टोपली उचलत होतो. धरण कुठं बांधायचं हे टोपली उचलणाऱ्याला कुणी विचारत नसतं. हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं आणि आजही सांगतो. पण तिला माझ्यावर एक शस्त्र मिळालं ते मिळालंच. पन्नास वेळा सुनावायची, "तुम्ही माती टाकली माज्या माहेरावर." भांडण कशावरूनही निघो, तांदूळ जास्त शिजला यावरून निघो, शेवट ह्याच्यावर.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा नव्या नवरीनं गावदेवीची ओटी भरायची रीत. देवी पाण्याखाली. बायका म्हणाल्या, काठावरून सोड, पाणी नेईल तिच्यापर्यंत. हिनं मान हलवली. "पाणी कुठंबी नेईल, त्याचा काय भरवसा." खण-नारळ परत पिशवीत घातला. परत येताना पैठणला रस्त्यावर एक फोटोवाला नवीन धरणाची कार्डं विकत होता. ती थांबली. कार्ड हातात घेतलं. भिंत, दरवाजे, मागं पसरलेलं पाणी. त्या पाण्यावर तिनं बोट फिरवलं, फिरवलं, आणि एका जागी थांबवलं. "हितं आमची चिंच. हितं हिर. हितं ती."

कार्ड घेतलं. घरी आल्यावर त्या जागेवर तिनं मेण लावलं आणि कुंकू लावलं. मेण अशासाठी की पूर्वीच्या बायका कपाळाला तसंच लावायच्या, त्याशिवाय कुंकू टिकत नाही. देवीची ओटी भरायची राहिली होती ती अशी भरली गेली.

बस. तिथून सुरू झालं. मला गंमत म्हणून मी कोयनेचं एक आणलं. तिनं विचारलं, "ह्याच्याखाली गावं होती का?" म्हटलं, असतीलच, पाणी काय नुसत्या खडकावर साठतं का. मग त्यालाही कुंकू. भाक्राला कुंकू. एकदा रशियाचं कार्ड घावलं, बर्फाच्या डोंगरात भली मोठी भिंत. करंडा उघडायला लागली तेव्हा मी हसलो.

"अगं, रशियातल्या बाया कुंकू लावत नाहीत."

"बाया नसतील लावत. त्यांच्या गावदेवीला कुनी इचारलंय?"

मी पुढं चितेगावच्या एका कारखान्यात राखणदारी केली. तिथले साहेब लोक परदेशातून आले की माझ्यासाठी धरणाचं कार्ड आणायचे. राखणदाराला असा शौक म्हणून त्यांना मजा वाटायची. वाटू दे. तिनं अमेरिकेच्या पाण्याला कुंकू लावलं, इजिप्तच्या लावलं, नाव न वाचता येणाऱ्या कितीतरी पाण्यांना लावलं. पत्र्याची पेटी भरली.

एकदा शहरात जुनी तिकिटं, नाणी, कार्डं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या पोरानं हौसेनं आम्हा दोघांना नेलं, पेटीही नेली. तिथं हातात पांढरे मोजे घातलेला एक जण बसला होता. त्यानं पहिली चार कार्डं बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही किती दुर्मिळ आहेत ठाऊक आहे? सगळ्यांवर डाग पाडून ठेवलेत. एक द्रावण येतं, हे डाग काढता येतील."

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "डाग? बाबा, घरी बायकू हाय का तुला?"

"आहे ना, आजी."

"मग तिच्या कपाळावरचा काढ आधी. आमचे ऱ्हाऊ दे."

आजूबाजूचे सगळे हसले. तो बिचारा मोजे काढून चहा प्यायला गेला. आम्ही पेटी उचलून घरी आलो. त्या दिवशी रिक्षात ती इतकी खुशीत होती की घर येईपर्यंत तेच तेच सांगत होती, जसा काय मी तिथं नव्हतोच.

तर अशी ती पेटी. आणि ती गेल्यावर पाच दिवसांत घरातल्या सगळ्यांना त्या पेटीचं काय करायचं ते सुचायला लागलं.

सुरुवात केली माझ्या मेव्हण्यानं. तिचा धाकटा भाऊ तो. गाव उठलं तेव्हा शाळकरी पोर होता, घराची चौकट बापासोबत खांद्यावर घेऊन माळावर चढलेला. त्याला ही कार्डं कधीच आवडली नाहीत. आमच्याकडं आला आणि बहीण कार्डं काढून बसलेली दिसली की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, लोक बसलेले असताना तो म्हणाला, "दाजी, कुंकू लागलेला फोटो रद्दीत जात नसतो. तो गंगेत सोडायचा असतो. दहाव्याला पैठणला जातोय, तवाच आक्काच्या राखेमागं सोडून देऊ. आक्का देवीपशी पोचंल, तिचं कुंकूबी पोचंल."

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आणि तो म्हणतो ती रीत खरी आहे. देवाचे जुने फोटो, कॅलेंडरं, कुंकू लागलं की पाण्यातच जातात. सून हळूच म्हणाली, "बाबा, मामा म्हणतात ते बरोबर आहे. घरात असं किती दिवस ठेवायचं?" पोरगा म्हणाला, "तुम्ही दिवसभर पेटी उघडून बसता. जेवत नाही. त्रास तुम्हालाच होतोय." पोरगा वाईट नाही. त्याला भीती वाटत होती, बाप वेडा होईल म्हणून.

मी म्हटलं, "पेटीला हात लावायचा नाही." एवढंच म्हटलं.

दहाव्याला भाड्याच्या जीपनं पैठणला गेलो. घाटावर गुरुजींनी पिंड मांडला. आमच्यात कावळा शिवावा लागतो. शिवला की समजायचं गेलेल्याचं मन मोकळं झालं. नाही शिवला की मन कशात तरी अडकलंय, ते ओळखायचं, हात जोडून शब्द द्यायचा, की मग तो येतो. समोर पिंपळावर कावळे भरपूर, खाली कुणी येईना. ऊन चढलं. पोरगा म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन." सून म्हणाली, "आई, तुमची तुळस मी जपीन." एक म्हातारी म्हणाली, गोडाचं काही ठेवलं का, तिला जिलेबी आवडायची. जिलेबी ठेवली. कावळे बघत बसले.

मग मेव्हणा पुढं झाला. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "आक्का, तुजी कार्डं गंगेला देतो. ये."

आणि एक कावळा खाली आला. कठड्यावर बसला, मान तिरकी करून पिंडाकडं बघायला लागला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"म्हणा, दाजी. तुमी म्हणा. तुमच्या शब्दासाठी थांबलीय ती."

"मी नाही म्हणणार."

गुरुजी समजुतीनं म्हणाले, "अहो, म्हणायला काय जातं? आत्ता म्हणा, पुढचं पुढं बघू."

"गुरुजी," मी म्हटलं, "ती असताना तिच्याशी खोटं बोललो तर तासाभरात पकडायची. आता तर ती तिथं बसून बघतीय म्हणता. आता खोटं बोलू?"

"बाबा!" पोरगा ओरडला.

मी कावळ्याकडं बघून बोललो. "ए, ऐक. कार्डं मी देणार नाही. तुला यायचं तर ये, नाय तर नको येऊ. रागावायचं तर रागव."

कावळा उडाला. पिंपळावरही थांबला नाही, पार नदीच्या पल्याड गेला. मागं कुणीतरी बाई म्हणाली, ह्या माणसाच्या हट्टापायी बाईचा जीव टांगला.

मला काही वाटलं नाही असं नाही. मनात म्हणत होतो, अगं ये की, सगळे उपाशी आहेत, पोरगा सकाळपासून अनवाणी तापल्या फरशीवर उभा आहे. आली नाही. जन्मात कधी एका हाकेला आली नाही, ती त्या दिवशी कशी येईल. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. शास्त्रात तेही चालतं.

मला वाटलं, संपलं. पण मेव्हणा जीपकडं गेला आणि तिच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आला. मला कळायला वेळ लागला. पेटी घरीच होती, म्हणून मी बेफिकीर होतो. आतली कार्डं ह्या लोकांनी सकाळीच काढून बांधली होती.

"ठेव ते खाली," मी म्हटलं.

"नाय ठेवत. आक्काचा जीव तुमी टांगला, मी मोकळा करतो."

"अरे खुळ्या, घाट धरणाच्या खाली आहे. तुझं गाव धरणाच्या वर आहे. हे पाणी नांदेडकडं जातं. तुझ्या देवीकडं पाणी चढून जातं का?"

तो क्षणभर थांबला. मला वाटलं पटलं. पण माणूस रडवेला झाला की पटलेलंही ऐकत नाही. तो पायऱ्या उतरला आणि गाठोडं पाण्यात सोडलं.

मी उतरलो. शेवाळावर पाय घसरला, बसलो, तसाच पुढं सरकलो. पाणी कंबरेपर्यंत आलं. लुगडं फुगलं होतं, गाठोडं हळूहळू फिरत लांब चाललं होतं. मी पदराचं टोक धरलं. मागून पोरानं माझं धोतर धरलं. धोतर सुटायची वेळ आली, पण टोक मी सोडलं नाही. दोघा-तिघांनी मिळून मला गाठोड्यासकट वर ओढलं.

मेव्हणा पायरीवर उभा राहून ओरडत होता, "आमचं गाव बुडालं तवा उतरला नायत पाण्यात! आता कागदासाठी उतरलात!"

सगळा घाट ऐकत होता. मीही ऐकू जाईल असंच बोललो. "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हालाही कुणी विचारलं नाही. आज मला विचारल्याशिवाय काही बुडायचं नाही. त्या पाण्यानं तुझ्या बहिणीचं घर घेतलं, चिंच घेतली, विहीर घेतली, देवी घेतली. ती सगळा जन्म त्या पाण्याला खूण करत बसली, की हितं आम्ही होतो म्हणून. ती खूण पुसायला तूच निघालास? तू? चौकट खांद्यावर घेऊन चढलेला?"

त्यानं नाक पुसलं आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसला.

येताना गाठोडं माझ्या मांडीवर होतं. त्यातून पाणी गळत होतं, जीपची गादी ओली झाली. चितेगाव आलं, गेलं. रोज त्या फाट्यावर चहाला थांबणारा जीपचा ड्रायव्हरही थांबला नाही. सून एकदा म्हणाली, "बाबा, सर्दी होईल." मी म्हटलं, "होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्या पडल्या मी गाठोडं घेऊन गच्चीवर गेलो. बाज आडवी केली, त्यावर सतरंजी टाकली. कार्डं एकमेकांना चिकटली होती. जोर लावला तर चित्र सोलून निघत होतं. म्हणून तांब्यात पाणी घेऊन थेंब थेंब सोडत एकेक सुटं केलं. काही गेली. कोयनेची भिंत अर्धी निघून दुसऱ्याच धरणाच्या पाठीला लागली. पुढच्या काळात मेण मिळेनासं झालं तेव्हा तिनं ओलं कुंकू लावलं होतं, ते सगळं वाहून शेजारच्या कार्डांवर उतरलं. मेणावरचं मात्र जागचं हललं नव्हतं. प्रत्येकावर एकेक खडा ठेवला, वारा होता म्हणून. हिराकूडचं मात्र कोरडं होतं. ते पेटीवरच राहिलं होतं, त्यांनी बांधताना दिसलं नसंल.

शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. "काका, पापड का?"

"धरणं."

"काय?"

"धरणं वाळत घातलीत."

ती लगबगीनं खाली गेली. बहुतेक सुनेला सांगायला.

सून वर आली. चहा आणला होता, हातात फोन होता. सतरंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाबा, मामांचा फोन आहे."

मी फोन कानाला लावला. "बोल."

"दाजी." मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. "लई भिजली का?"

"तूच टाकली. तुला ठाऊक."

"व्हय." "ते पयलं, पैठणचं. आपलं. ते गेलं का?"

इतक्या वर्षांत त्यानं त्या कार्डाला आपलं कधी म्हटलं नव्हतं. मी ते शोधलं. दुसऱ्या रांगेत होतं. भिंत पुसली गेली होती, दरवाजे पुसले गेले होते. पाणी होतं.

"भिंत गेली," मी म्हटलं. "देवी आहे."

"मी येऊ का बघायला?"

"ये. आणि एक सांगून ठेवतो, घेऊन जायचं नाव काढलंस तर जिन्यावरूनच परत लावून देईन."

"नाय काढत."

"आणि येताना सांडगे आण. तुझ्या बायकोच्या हातचे. घरातले संपलेत."

फोन सुनेकडं दिला. तिला म्हटलं, "सावली पडतीय, जरा बाजूला सरक." ती सरकली, आणि मग न सांगता खाली बसून तिकडच्या बाजूचे खडे उचलायला लागली. मी इकडून पहिल्या रांगेतली कार्डं उलटी करायला घेतली.